कोरड्या बोगद्यातली होडी

१

धबधबा बंद होणार हे मला नवऱ्याच्या आधी कळलं. सांगितलं कुणीच नाही. नव्या वर्षाच्या कपड्यांची यादी माझ्या टेबलावर आली, आणि निळ्या शर्टांच्या रकान्यात शून्य होतं.

आमच्या पार्कमध्ये प्रत्येक राईडच्या माणसांचा रंग ठरलेला आहे. आकाशपाळण्याचा लाल, लहान मुलांच्या गाड्यांचा पिवळा, धबधब्याचा निळा. हे सगळे कपडे शिवायचे, उसवलं तर टाचायचं, धुऊन आलेले तपासून परत द्यायचे, हे काम माझं. कँटीनच्या मागे माझी खोली आहे. दोन मशिनं, एक इस्त्री आणि कधीच न उघडणारी एक खिडकी. एवढी वर्षं कपडे हाताळले की माणसं तोंडाने सांगत नाहीत ते त्यांच्या कॉलरी सांगतात. कोण रडून आलाय, कोण चोरून सिगारेट ओढतो, कोणाचं वजन वाढतंय, सगळं मला माहीत असतं.

धबधबा म्हणजे पार्कमधली सगळ्यात जुनी पाण्याची राईड. आठ जणांची होडी फायबरच्या पन्हळीतून वाहत निघायची, एका अंधाऱ्या बोगद्यातून वळण घ्यायची, मग साखळीवरून वर चढायची आणि टोकावरून धप्पकन खाली यायची. माझा नवरा तिचा ऑपरेटर. पार्कमध्ये त्याला सगळे कप्तान म्हणतात.

यादीतलं ते शून्य पाहून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी या पार्कमध्ये लागले तेव्हा ती राईड त्याच्या आयुष्यात आधीपासून होती. लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन परगावी नोकरीला गेली, पण घरी जेवताना विषय तोच. "ती आज जरा सुस्त होती." "तिला उन्हात त्रास होतो." "सकाळी तिचा आवाज वेगळाच येत होता." राईड म्हणून 'ती'. मी तरी तसंच समजत होते. यंत्राचा काय मत्सर करायचा, असं स्वतःला बजावायचे आणि भांडी जरा जास्तच आपटायचे.

एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नव्हती. धबधब्याच्या ऑपरेटरची जागा पन्हळीच्या उजव्या काठावर, म्हणजे पाणी उडणार ते डाव्या बाजूला. सगळ्यांच्या शर्टांची डावी बाही औषधाच्या पाण्याने विटलेली असायची. माझ्या नवऱ्याचीही होती. पण त्याच्या प्रत्येक शर्टाच्या उजव्या खांद्यावरही एक विटका डाग असायचा. तळहाताएवढा, जवळजवळ गोल. इतर कुणाच्याच शर्टावर नव्हता. मी वर्षानुवर्षं तिथे आतून अस्तर लावत आले. केबिनच्या ओल्या भिंतीला टेकत असेल, दुसरं काय!

२

कारणं सांगायला देखभाल विभागाच्या इंजिनिअर बाईंनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. बाई सरळ बोलणाऱ्या.

"पन्हळीला तडे गेलेत. एक बुजवला की दुसरीकडून गळतं. रात्रीत इतकं पाणी जमिनीत मुरतं की सकाळी पुन्हा भरावं लागतं. होड्या बनवणारा कारखाना केव्हाच बंद झालाय, सुटे भाग कुठून आणायचे? पंप म्हातारे झालेत. थंडीचे चार महिने राईड नुसती उभी. आणि लोकांना आता भिजायचं नसतं. खिशात फोन असतो ना!"

कुणीतरी मागून म्हणालं, "पूर्वी दोन-दोन तास रांग असायची."

"पूर्वी," बाई म्हणाल्या. "आता पाच मिनिटांची असते. आणि जागा केवढी अडकलीय बघा, पार्कच्या ऐन मधोमध. तेवढ्यात दोन राईड बसतील."

मी नवऱ्याकडे पाहत होते. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा पडेल. घरी नेऊन समजूत घालायची तयारीच करून आले होते मी, थोडी आवडीनेच. त्याने एकच प्रश्न विचारला.

"बोगद्याचं काय?"

"बोगदा ठेवणार. बांधकाम आयतं आहे, पाडून पुन्हा बांधायचं कशाला? पाणी काढून आत कोरडी राईड करू. पडदे, दिवे, रुळांवरची गाडी. तुम्हालाच देऊ चालवायला, कप्तान."

त्याचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. घरी येताना बसमध्ये तो चक्क गुणगुणत होता. पंचवीस वर्षांची राईड जातेय, आणि हा माणूस गुणगुणतोय.

"तुला वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"पाणी गेलं तर गेलं," तो म्हणाला. "जागा तर राहतेय."

३

पाणी उपसायला दोन दिवस लागले. तोडकामाची माणसं आली. कुठली झडप कुठे, कुठली तार कशाची, हे नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला त्यांच्यासोबत दिलं. आता त्याचे शर्ट धुळीने भरून यायचे. सिमेंट, गंज, फायबरचा खाजरा भुगा. कोरडे ठणठणीत.

फक्त उजवा खांदा ओला.

पहिल्या दिवशी मला तो घाम वाटला. दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेल्यावर मी शर्ट उचलून हात लावला. घामाचा ओलावा असा नसतो. हे पाणी होतं, गार, नुकतंच सांडल्यासारखं. नाकाशी नेलं. पार्कच्या पाण्याला औषधाचा वास असतो, तो माझ्या बोटांत मुरलेला आहे. या पाण्याला वासच नव्हता. आणि डाग तोच, त्याच मापाचा, माझ्या अस्तराच्या बरोबर वर. अशी ओल एकाच गोष्टीने येते. मुलगी लहान असताना न्हाऊन यायची आणि तशीच ओल्या केसांनी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, तेव्हा माझ्या ब्लाउजवर असाच डाग पडायचा.

म्हणजे कुणाचं तरी ओलं डोकं या खांद्यावर टेकत होतं. मी पाच दिवस वाट पाहिली. पाचही दिवस खांदा ओला. सहाव्या दिवशी जेवताना विचारलं.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मला खुळी समजू नकोस. माझा धंदा कपड्यांचा आहे."

तो घास हातात धरूनच हसला. "अगं, तिकडे आता थेंबभर पाणी नाही. मी भिजणार कसा?"

"तेच विचारतेय. कसा भिजलास?"

त्याने मान वळवून खांद्याकडे पाहिलं. अंगावर धुतलेला, कोरडा सदरा होता, तरी त्याने डावा हात उचलून तिथे ठेवला. झाकल्यासारखा नाही. आपण झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवतो तसा. लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्याचा हात असा माझ्यावर एकदाही पडला नव्हता.

"तू उगाच काहीतरी घेऊन बसतेस," तो म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

४

पार्कमध्ये बायका किती? मी मनातल्या मनात सगळ्यांना ओळीत उभं केलं. तिकीट खिडकीवरच्या दोघी, सफाईच्या चौघी, कँटीनची स्वयंपाकीण, फोटोवाली. त्या आठवड्यात सगळ्यांचे कपडे मी उलटेपालटे करून पाहिले. कॉलरी पाहिल्या, पाठी पाहिल्या. एकीचीही वेणी ओली नव्हती. फोटोवालीने तर विचारलंच, "ताई, माझ्या केसांत काय शोधताय?" लाज वाटली, पण थांबले नाही.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरळ धबधब्याकडे गेले.

पाण्यावाचून ती जागा मी पहिल्यांदाच पाहत होते. निळी पन्हळ उघडी पडली होती, तळाला शेवाळाची काळी साल. काढलेला कचरा एका बाजूला रचला होता. चष्मे, केसांच्या पिना, एकेकट्या चपला, एक कवळी. तोडकामाचा मुकादम उलट्या बादलीवर बसून डबा खात होता. मला पाहून अर्धवट उठला.

"बसा हो. कप्तान कुठे आहेत?"

"आत, बोगद्यात. जेवायला तिथंच बसतात ते. शेवटची होडी वळणावर अडकून राहिलीय, पाण्याशिवाय बाहेर येईना. तिथंच कापायची आहे."

"एकटेच बसतात?"

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागला. "एकटेच की."

"मग?"

"काही नाही, बाई. आमची माणसं फक्त त्या वेळी आत जात नाहीत."

"का जात नाहीत?"

"आता कसं सांगू... ते बोलत असतात. कुणाचं बोलणं चाललं असेल तर मध्ये कसं घुसायचं? बरं दिसत नाही."

"फोनवर?"

"आत फोन लागत नाही," मुकादम म्हणाला, आणि डब्यात मान घालून जेवायला लागला.

५

मी पन्हळीत उतरले. भिंती कमरेएवढ्या, तळ निसरडा. बोगद्याचं तोंड ओलांडलं आणि बाहेरचा आवाज एकदम तुटला. आकाशपाळण्याचं संगीत, पोरांचा गलका, सगळं कुणीतरी कापडात गुंडाळून ठेवल्यासारखं. आत उबट हवा, छताला ठोकलेले रंगीत दिव्यांचे विझलेले डोळे. वळणापलीकडे एक कामाचा दिवा लावलेला असावा, कारण भिंतीवर पिवळट उजेड होता.

आणि त्याचा आवाज येत होता.

मी चपला काढून हातात घेतल्या. चोरासारखी भिंतीला धरून पुढे गेले. तो हळू आवाजात बोलत होता, न अडखळता. माझा नवरा घरी दिवसाला वीस वाक्यं बोलतो, त्यातली दहा राईडची. इथे तो बोलत होता ते आमच्या मुलीच्या जन्माबद्दल. दवाखान्याबाहेर तो कसा घाबरला होता, जिन्यात बसून कसा रडला, आणि मला कळू नये म्हणून तोंड धुऊन आत आला. मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तो ड्यूटीवरून उशिरा आला म्हणून त्याचे डोळे लाल होते. त्यावरून मी त्याला कितीदा टोमणे मारले असतील!

मग तो थांबला. एखाद्या छोट्याशा प्रश्नाला लागतो तेवढा वेळ गेला. आणि तो म्हणाला, "छे, तिला कशाला सांगू?"

मी वळणाच्या कडेवरून डोकं काढलं.

होडी तळावर टेकलेली होती. पुढच्या बाकावर, दोघांच्या बाकावर, तो पाठमोरा बसला होता. डावीकडे, अगदी कडेला, उजवी बाजू मोकळी ठेवून. डबा मांडीवर. आणि होडी उजवीकडे कलंडलेली होती. मी स्वतःला समजावलं, तळ सपाट नसेल. मग मी तळाकडे पाहिलं. तळ सपाट होता. तो बसला होता त्या बाजूची कड तळापासून चांगली चार बोटं उचललेली होती.

त्याने मान उजवीकडे झुकवली. कुणाच्या तरी डोक्यावर आपलं डोकं टेकवावं तशी. त्याच्या शर्टाचा खांदा माझ्या डोळ्यांदेखत गडद होत गेला. आधी एक ठिपका, मग तळहाताएवढा गोल. तिथून एक बारीक धार निघून पाठीवर उतरली.

एवढंच पाहिलं मी. दुसरं काही नव्हतं तिथे पाहायला. बाक रिकामा होता, हे मी शपथेवर सांगेन.

'अरे' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं होतं. मारली नाही. भीती वाटली ती एवढ्याचीच, की हाक मारली तर दोघं वळून बघतील.

६

कुठलीही शहाणी बाई त्या दिवसानंतर नवऱ्याला घेऊन ते गाव सोडून गेली असती. मी तसं केलं नाही. माझ्या डोक्यात भूतबित काही नव्हतंच. डोक्यात एकच होतं. जिन्यात बसून रडल्याचं त्याने तिला सांगितलं. मला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिनिअर बाईंच्या खोलीत जाऊन धडधडीत खोटं बोलले.

"बाई, बोगद्याच्या छताचे तुकडे पडतायत. काल मुकादमाच्या एका माणसाच्या डोक्यात तुकडा पडणार होता, थोडक्यात वाचला. आमचे हे सांगणार नाहीत, त्यांचा जीव आहे त्या जागेवर. म्हणून मी आले."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं."

त्याच दुपारी त्या हातोडी घेऊन आत गेल्या आणि ठोकून ठोकून छत तपासलं. नशीब बघा, माझं खोटं खरं निघालं. इतक्या वर्षांच्या दमट हवेने आतलं लोखंड फुगून आलं होतं, दोन ठिकाणी हातोडी लागताच पोपडे पडले. आठवड्याच्या आत बेत बदलला. बोगदा पाडायचा, खड्डा भरायचा, वर सपाट फरशी करून टकरीच्या गाड्यांचं मैदान. साधं, कोरडं, बारा महिने चालणारं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्याने जेवण सोडलं नाही की आवाज चढवला नाही. फक्त रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचारलं, "बाईंना कुणी सांगितलं असेल?"

"मला काय माहीत!" मी म्हणाले आणि कूस बदलली.

पाडायच्या दिवशी मी मुद्दाम काम बंद ठेवून तिथे जाऊन उभी राहिले. मला त्याचा चेहरा पाहायचा होता. मशीन तयार होतं, ऑपरेटर वर चढून बसला होता. मुकादमाने ओरडून विचारलं, "आत कुणी आहे का?" आणि नवरा बोगद्यातून बाहेर आला. एकटाच. सावकाश. तोंडाशी पन्हळीला एक पायरी होती. तो ती चढला, थांबला, मागे वळला आणि उजवा हात थोडासा पुढे केला. क्षणभरच. मग हात तसाच, अंगापासून जरा दूर धरून, चालत माझ्या बाजूने निघून गेला.

शेवटचं डोळे भरून बघून घेतलं असेल, मी मनाशी म्हणाले. पंचवीस वर्षं काढली माणसाने तिथे.

मशीनचा पहिला घाव बसला तेव्हा धुळीचा लोट उठला. मी जागची हलले नाही. तोंडात, केसांत माती गेली, तरी खड्डा अर्धा भरेपर्यंत पाहत राहिले. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

७

त्याला आता चार महिने झाले.

टकरीच्या गाड्या जोरात चालू आहेत. त्यांचा रंग राखाडी, मीच शिवले ते शर्ट. जुन्या पंपघरात आता गाड्यांचं सामान ठेवतात. नवऱ्याचा शर्ट कोरडा येतो, दोन्ही खांदे कोरडे. पहिले काही दिवस मी रोज नाकाला लावून पाहायचे, मग सोडून दिलं. तो वेळेवर घरी येतो. राईडचं अवाक्षर काढत नाही. भाजी निवडायला बसतो, मुलीला स्वतःहून फोन लावतो. "बाबा बदललेत गं," ती मला म्हणाली, "मस्त बोलतात हल्ली." मी म्हणाले, "वय झालं, दुसरं काय?" आणि फोन ठेवून एकटीच हसले. जिंकल्यासारखं वाटत होतं. कुणाशी जिंकले ते मात्र मी स्वतःलाही सांगितलं नाही.

एकदा धीर करून मी त्याला विचारलं होतं, "मुलगी झाली तेव्हा तू घाबरला होतास का रे?"

"फार," तो लगेच म्हणाला. "जिन्यात बसून रडलो होतो."

इतकं सहज. मी विचारलंच नव्हतं कधी. त्या दिवशी मला आधी बरं वाटलं, आणि मग बराच वेळ काहीच नीट वाटेना.

काल मंगळवार, आमचा सुट्टीचा दिवस. जेवणं झाली होती. दुपारचं ऊन खिडकीतून थेट आमच्या दोघांच्या पायांपर्यंत आलं होतं. टीव्हीवर कुठल्यातरी बर्फाळ देशातल्या अस्वलांचा कार्यक्रम चालू होता. तो सोफ्याच्या डाव्या टोकाला, मी त्याला लागून उजवीकडे. मला डुलकी लागत होती. तोंडात बडीशेप होती. इतक्या वर्षांत मी अशी निवांत कधी बसले नव्हते.

"जरा सरकतेस?" तो म्हणाला.

"का रे? पाय लांब करायचेत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टीव्ही बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून पलीकडे, दाराच्या बाजूला बघत होता. पाहुणा ताटकळत उभा असावा आणि घरचं माणूस लोळत पडलेलं असावं, तेव्हा यजमानाचा चेहरा होतो ना, तसा अवघडलेला चेहरा. मग त्याने आवाज खाली आणला, मला एकटीला ऐकू जाईल इतका.

"अगं, किती वेळ उभं ठेवायचं?"

मी दाराकडे पाहिलं नाही. टीव्हीकडेच पाहत राहिले. अस्वल बर्फावरून चालत होतं.

आणि मी सरकले. चांगली हातभर सरकले. मधली उशी चुरगळली होती, ती उचलली, झटकली आणि नीट करून ठेवली.